कोरियाच्या आहारनोंदीतली तूट

दक्षिण कोरियात १९९८ सालापासून राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्वेक्षण होत आले आहे. आधी ते काही वर्षांच्या अंतराने होई, २००७ पासून दरवर्षी होते, आणि वर्षाला साधारण दहा हजार माणसे त्यात सामावून घेतली जातात. त्यांचे वजन काट्यावर घेतात, उंची, कंबर आणि रक्तदाब मोजतात, रक्त तपासतात. आणि आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले-प्याले, हे प्रशिक्षित पोषणतज्ज्ञ त्यांच्याकडून विचारून लिहून घेतात. या एकाच सर्वेक्षणातून निघणाऱ्या दोन चित्रांचा मेळ बसत नाही. कोरियात प्रौढाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, २५ किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला स्थूल म्हणतात. या पट्टीने १९९८ मध्ये चार पुरुषांत एक स्थूल होता, तर २०२० मध्ये हे प्रमाण ४८ टक्क्यांवर पोचले. ते वर्ष महासाथीचे होते हे खरे, पण चढण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. नोंदलेल्या आहारातली ऊर्जा मात्र या चढणीला साजेशी वाढलेली दिसत नाही. अलीकडच्या वर्षांत तर ती उतरतीच आहे.

माणसे बैठी झाली, गाड्या आणि लिफ्ट वाढल्या, म्हणून कमी खाऊनही वजन वाढते, असे यावर सांगितले जाते. त्यात काही तथ्य असेलही. पण वजन काट्याने सांगितलेले आहे आणि जेवण माणसाने, हा फरक नजरेआड करून दोन्ही आकडे एकाच तोलाचे मानणे शास्त्राला धरून नाही. जगभर जिथे जिथे सांगितलेल्या आहाराचा स्वतंत्र ताळा घेतला गेला, तिथे प्रौढ माणसे सरासरीने प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात असेच आढळले आहे, आणि कोरिया याला अपवाद असण्याचे काही कारण नाही. माझे म्हणणे असे आहे की ही तूट म्हणजे सर्वेक्षणातली किरकोळ हयगय नव्हे. ती विशिष्ट पदार्थांत आणि विशिष्ट माणसांत अधिक असल्यामुळे तिच्यावर उभे केलेले निष्कर्षच वाकडे होतात. सांगणाऱ्यांना खोटे ठरवून त्यांच्या नोंदी गाळणे हा त्यावरचा उपाय नाही. ज्या सरकारी यंत्रणेने हे माप हाती घेतले आहे, तिने आपल्या मापाची चूकही नियमितपणे मोजावी आणि ती सरासरीच्या शेजारी छापावी.

ही तूट पडते कशी, हे कळायला कोरियन जेवणाची मांडणी पाहावी लागते. प्रत्येकाच्या पुढ्यात भाताची एक वाटी आणि सूपचा एक वाडगा असतो. बाकीचे सगळे मधोमध आणि सगळ्यांचे. किमची, तिळाच्या तेलात कालवलेल्या पालेभाज्या, सोया सॉसमध्ये शिजवलेली बारीक सुकी मासळी, अंड्याची गुंडाळी अशा बानचान नावाच्या लहान लहान ताटल्यांतून जो तो चॉपस्टिकने एकेक घास उचलत राहतो. खाणावळीत बानचानची ताटली संपली की ती पुन्हा भरून येते आणि सहसा तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे बिलातही तिचा माग राहत नाही. डुकराच्या पोटाकडचे मांस मेजावरच्या शेगडीवर भाजायचे असेल तर ते माणशी हिशेबाने मागवतात. पण मग कात्रीने त्याचे तुकडे होतात, भाजलेला तुकडा ज्याच्या हाताशी असेल तो उचलतो, आणि चौघांत पाच वाटे मागवले असतील तर कोणाच्या पोटात किती गेले, हे त्याच मेजावर बसलेल्यालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी समोर बसलेली पोषणतज्ज्ञ मापाचे कप, चमचे आणि भांड्यांची चित्रे दाखवून विचारते तेव्हा उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. जे त्याच्या स्वतःच्या ताटात कधी आलेच नव्हते, त्याचा तो अंदाज बांधत असतो, आणि असा अंदाज सहसा खालच्या बाजूला झुकतो.

भाताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १९७० च्या दशकात तांदळाची बचत व्हावी म्हणून कोरियन सरकारने खाणावळींतल्या भाताच्या वाटीचे माप ठरवून दिले, आणि झाकणाची ती स्टीलची वाटी आजही देशभर चालते. तिच्यात सुमारे २०० ग्रॅम भात मावतो, त्यातून साधारण ३०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे कोरियन माणसाच्या दिवसभराच्या खाण्यातला सर्वांत नेमका आठवणारा आणि सर्वांत नेमका मोजला जाणारा पदार्थ भात आहे, आणि सर्वांत निसटणारे पदार्थ म्हणजे तेल, मांस, गोड पेये आणि दारू. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कोरियन आहारात कर्बोदकांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा मधुमेहाशी व पोटावरच्या चरबीशी संबंध आहे, अशी मांडणी याच सर्वेक्षणाच्या आधारे वारंवार होते. कर्बोदकांचा वाटा मोठा असेलच. भात खाणाऱ्या देशात तो असणारच. पण भात पुरता नोंदला जात असेल आणि तेल अर्धेच, तर टक्केवारीत भात फुगणार हे उघड आहे. त्यातून जी माणसे जास्त तूट ठेवून सांगतात तीच जर अधिक स्थूल असतील, तर स्थूलतेचा दोष तेलाऐवजी भाताच्या पदरी पडेल. हा संबंध खराच आहे की नोंदीच्या खोटीतून आलेला, हे त्याच सर्वेक्षणाच्या पोटातून कितीही आकडेमोड केली तरी ठरवता येत नाही.

दारूची नोंद तर कोरियन रीतीमुळे आणखीच अवघड होते. ऑफिस सुटल्यावर सहकाऱ्यांनी एकत्र जेवायची जी प्रथा आहे, तिच्यात स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो. शेजारच्याने तो भरायचा आणि आपण त्याचा भरायचा. सोजू या कोरियन दारूची हिरवी बाटली ३६० मिलिलिटरची असते आणि तिच्यातून सातएक पेले निघतात. शुद्ध मद्याच्या प्रत्येक ग्रॅमला ७ किलोकॅलरी धरल्या, तर एका बाटलीत भाताच्या एका वाटीहून अधिक ऊर्जा भरते. मेजावर चार बाटल्या रिकाम्या झाल्या एवढे सगळ्यांना आठवते, पण माझे पेले किती हे मोजायची सोयच त्या रीतीने ठेवलेली नाही. ऑफिसात दिवसभर होणाऱ्या दूध-साखर घातलेल्या तयार कॉफीच्या पुड्यांचेही थोडेफार असेच आहे: एका पुडीत पन्नासेक किलोकॅलरी असतात, पण ती खाण्यात धरायची असते हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

विसरण्याबरोबर संकोचही असतो, आणि तो सगळ्यांना सारखा नसतो. कोरियन सर्वेक्षणाच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासांत पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि सामान्य वजनाच्या माणसांपेक्षा स्थूल माणसांत कमी सांगण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. बाहेरच्या देशांतही हेच दिसते. ज्या समाजात तरुण मुलीच्या बांध्यावर नातेवाइकांपासून नोकरी देणाऱ्यापर्यंत सगळे मत देतात, तिथे एका अनोळखी पोषणतज्ज्ञापुढे रात्री अकराला मागवलेल्या तळलेल्या कोंबडीचा उच्चार करणे सोपे नाही. एकट्याने राहणाऱ्यांची घरे आता कोरियात एकूण घरांच्या एक तृतीयांशाहून अधिक आहेत, आणि ॲपवरून मागवलेले जेवण पडद्यासमोर खाताना किती खाल्ले हे सांगायला दुसरा साक्षीदारही नसतो.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. एका दिवसाच्या आठवणीवर कोणाचा आहार ठरत नाही; एखादा दिवस उपासाचा, एखादा मेजवानीचा. पण हा चढउतार दहा हजार माणसांच्या सरासरीत एकमेकांना खोडून काढतो. तूट खोडली जात नाही, कारण ती सगळ्यांची एकाच दिशेला असते, आणि माणसे वाढवली तरी ती तेवढीच राहते. नमुना मोठा आहे म्हणून आकडा विश्वासार्ह आहे, हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. उलट नमुना मोठा असल्यामुळे चुकीचा आकडासुद्धा फार अरुंद मर्यादेत, फार आत्मविश्वासाने छापला जातो.

मग कमी सांगणारे ओळखायचे कसे? यासाठी अभ्यासक बहुधा १९९१ साली गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत वापरतात. स्वस्थ पडून राहिलेल्या शरीरालाही जगण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिच्याशी सांगितलेल्या आहाराचे गुणोत्तर काढायचे, आणि ते ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर ती नोंद अशक्य कोटीतली मानायची. पद्धत स्वस्त आहे, वेगळे मोजमाप लागत नाही. परंतु एका दिवसाच्या नोंदीसाठी ही मर्यादा फार सैल ठेवावी लागते. ती साधारण ०.९ धरतात. समजा, एका स्त्रीचा मूलभूत चयापचय, म्हणजे पडून राहिल्यावरचीही ही गरज, दिवसाला १,२५० किलोकॅलरी आहे. बेताच्या हालचालीने, म्हणजे १.५५ पटीने, ती दिवसाला सुमारे १,९४० किलोकॅलरी खर्चते. तिने १,४०० सांगितल्या, तर पाचशेहून अधिक किलोकॅलरी गायब असूनही ती चाळणीतून सुखरूप पार होते, कारण तिची मर्यादा १,१२५ ची आहे. दुसरी एखादी स्त्री त्या दिवशी खरोखरच रात्रीचे जेवण टाळून १,००० वर थांबली असेल आणि तिने ते प्रामाणिकपणे सांगितले असेल, तर ती मात्र कमी सांगणाऱ्यांच्या यादीत जाते. वजन उतरवण्यासाठी जेवण टाळणाऱ्या स्त्रिया ज्या देशात थोड्या नाहीत, तिथे ही गफलत क्वचितची म्हणून सोडून देता येणार नाही.

शिवाय तो मूलभूत चयापचय मोजलेला नसतो, वय, लिंग आणि वजन यांवरून समीकरणाने काढलेला असतो. १९८५ साली जागतिक स्तरावर स्वीकारलेली शोफिल्डची समीकरणे सात हजारांवर मोजमापांवर बेतलेली होती आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी इटलीतल्या लोकांची होती. आशियाई शरीरांसाठी ती समीकरणे वाजवीपेक्षा मोठा आकडा देतात, अशी तक्रार भारतातूनच ठामपणे झाली. बंगळुरूच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापांनी तसे दाखवले आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आहारशिफारशींत हा आकडा खाली उतरवून घेतला जातो. कोरियन नोंदींना ते समीकरण जसेच्या तसे लावले, तर छेदच फुगतो आणि काही निरपराध माणसे कमी सांगणारी ठरतात. म्हणजे ही चाळणी एकाच वेळी फार मोठ्या भोकांची आणि फार बारीक भोकांची आहे, आणि तिच्यातून काय उरले याला शुद्ध नोंद म्हणण्यात अर्थ नाही. अशा नोंदी सरसकट गाळल्या तर आणखी एक नुकसान होते: गाळलेल्यांत स्त्रिया आणि स्थूल माणसे जास्त असल्याने, ज्यांच्याविषयी सर्वांत अधिक जाणून घ्यायचे तीच माणसे देशाच्या चित्रातून नाहीशी होतात.

दुसऱ्या टोकाची भूमिका अशी की तोंडी सांगितलेला आहार हा पुरावाच नव्हे, तो सगळाच टाकून द्यावा. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आर्चर आणि सहकाऱ्यांनी या आशयाचा जोरदार हल्ला चढवला होता, आणि त्यावरचा वाद अजून पुरता शमलेला नाही. मला ही भूमिका उतावळी वाटते. कोण काय खातो, किती वेळा खातो, न्याहारी टाळतो का, फळे रोजच्या जेवणात आहेत का, लोहाचे किंवा कॅल्शियमचे स्रोत कोणते, हे सगळे विचारल्याखेरीज कळण्याचा दुसरा मार्ग नाही. टाकाऊ आहे तो एकूण ऊर्जेचा आकडा. बाकीच्या माहितीची त्याच्याबरोबर होळी करायचे कारण नाही. पण हा भेद अहवालाने स्वतः करायला हवा, आणि बहुतेक अहवाल तो करत नाहीत. पोषकद्रव्यांच्या लांब तक्त्यात ऊर्जा पहिल्या ओळीला, त्याच अक्षरात, त्याच दशांश चिन्हासह बसलेली असते.

मिठाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण धोरणाच्या यशापयशाचा निवाडा येथे थेट या नोंदींवर होतो. २०१० च्या सुमारास याच सर्वेक्षणानुसार कोरियन माणूस दिवसाला सरासरी ४,८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम घेत होता; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. त्यानंतर सरकारने मीठ कमी करण्याची मोहीम मोठ्या जोमाने हाती घेतली, आणि २०२० नंतरच्या नोंदींत हा आकडा ३,००० च्या थोडा वर आला आहे. दशकभरात एक तृतीयांशाहून अधिक घट कुठल्याही देशाला मिरवण्याजोगी आहे, आणि ती सगळीच कागदी आहे असे मी म्हणणार नाही: एकूण सांगितलेली ऊर्जा एवढी उतरलेली नाही, म्हणून निव्वळ कमी सांगण्याने ही सगळी घट समजावता येत नाही. उत्पादकांनी नूडल्सच्या आणि सॉसच्या घटकांत बदल केले, त्याचाही हिस्सा तिच्यात असणार.

तरीही दोन गोष्टी खटकतात. वाडग्यातल्या सूपमध्ये किती मीठ होते हे त्या वाडग्यातून मोजलेले नसते. ते पाककृतींच्या तक्त्यातून घेतलेले असते, आणि तक्ता सुधारला की देशाचे मीठ बदलते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सूप किंवा जिगे नावाचा दाट रस्सा खाताना त्यातले पदार्थ खा आणि पाणी मागे ठेवा, हा अशा मोहिमेचा अगदी सोपा, ध्यानात राहणारा उपदेश असतो. मीठ उतरते ते त्या पाण्यातच. आता पोषणतज्ज्ञाने विचारले, की वाडग्यातले पाणी प्यालात की ठेवलेत, तर बरोबर उत्तर कोणते हे दहा वर्षांच्या प्रचाराने सगळ्यांना पढवलेले आहे. मोहिमेने लोकांची सवय बदलली असेल किंवा त्यांचे उत्तर बदलले असेल. तोंडी नोंदीत दोन्ही एकसारखेच दिसतात. मोहीम जितकी चांगली, तितके तिचे मूल्यमापन या पद्धतीने करणे धोक्याचे. याला चोख उतारा आहे तो चोवीस तासांच्या लघवीचा, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी दहातले नऊ हिस्से त्याच मार्गाने बाहेर पडतात आणि तिथे आठवणीचा किंवा संकोचाचा प्रश्न येत नाही. दिवसभराची लघवी गोळा करायला माणसे कुरकुरतात हे खरे, पण काही शे माणसे दर दोन-तीन वर्षांनी मिळवणे हे काही अशक्य काम नव्हे.

ऊर्जेसाठीही असा ताळा उपलब्ध आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे किंचित जड पण निरुपद्रवी अणू असलेले पाणी माणसाला प्यायला द्यायचे, पुढचे आठ-पंधरा दिवस त्याच्या लघवीचे नमुने घ्यायचे, आणि ते दोन अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून त्याने किती ऊर्जा खर्चली ते काढायचे. वजन स्थिर असलेल्या माणसाचा खर्च म्हणजेच त्याचे खाणे. माणसांवर हे मोजमाप १९८० च्या दशकापासून होत आहे. अमेरिकेत ४० ते ६९ वर्षांच्या ४८४ जणांवर केलेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००३ साली आले, चोवीस तासांच्या आठवणीत पुरुषांनी १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. ब्रिटनने तर हे मोजमाप आपल्या राष्ट्रीय आहार-सर्वेक्षणातच एका उपगटावर बसवले, आणि तेथे १६ ते ६४ वर्षांच्या प्रौढांत ही तूट सुमारे एक तृतीयांश निघाली. एकाच पद्धतीने ताळा घेऊनही अमेरिकेची तूट इतकी आणि ब्रिटनची तितकी, यावरून एवढे तर दिसते, की कोणत्याही देशाने दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन आपली सरासरी दुरुस्त करू नये. बानचानच्या मेजाची तूट ब्रिटिश सँडविचवरून काढता येणार नाही. ती कोरियातच, कोरियन माणसांवर, याच सर्वेक्षणातल्या उपगटावर मोजावी लागेल. कोरियन प्रौढांवर असे पाणी देऊन केलेले अभ्यास झालेले आहेत, तेथील विद्यापीठांना हे तंत्र नवे नाही; उणीव आहे ती ते राष्ट्रीय सर्वेक्षणात कायमचे बसवण्याची.

यावर खर्चाचा आक्षेप येतो. जड ऑक्सिजन महाग आहे यात वाद नाही, पण दहा हजार माणसांना ते द्यायचे नाही. वय, लिंग आणि वजन यांच्या गटांत नीट वाटलेले तीनचारशे लोक काही वर्षांतून एकदा मिळाले, तरी तुटीचा अंदाज गटवार हाती येतो आणि तो उरलेल्या सगळ्यांच्या नोंदींना लावता येतो. आज सर्वेक्षणावर जो खर्च होतो आहे त्यातून मिळणारा एक प्रमुख आकडा वापरण्यालायक नाही, हा खर्च कोणी मांडत नाही.

अधिक खरा आक्षेप बहुधा उघडपणे केला जात नाही. तूट छापली, तर १९९८ पासूनची सलग रेषा डळमळते, जुन्या अहवालांवर प्रश्न उठतात, मिठाच्या मोहिमेचे श्रेय थोडे कमी होण्याची शक्यता असते. यावर सांगितले जाते की चूक कायम असेल तर कल तरी खरा राहतो: दुकानदाराच्या काट्याला रोज पन्नास ग्रॅमची खोट असली तरी मागच्या महिन्यापेक्षा माल वाढला की घटला हे कळतेच. पण ही खोट कायम आहे असे कोणी दाखवलेले नाही. स्थूल माणसे वाढली, एकट्याने जेवणारी माणसे वाढली, आणि कमी खावे, कमी खारट खावे हा उपदेश दरवर्षी मोठ्या आवाजात झाला. तिन्ही गोष्टी तूट वाढवणाऱ्याच आहेत. तसे असेल तर गेल्या दशकात उतरलेल्या ऊर्जेचा काही भाग कोरियन माणसाने खाल्लेला आहे, फक्त सांगितलेला नाही, आणि तो भाग किती हे कळेपर्यंत कोरियाच्या रोग नियंत्रण संस्थेने ऊर्जेची सरासरी कलदर्शक आलेखात छापणे थांबवावे. पोषकद्रव्यांच्या तक्त्यात ती राहू द्यावी, पण तिच्याखाली ती सांगितलेली आहे, मोजलेली नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहून.